पोच हातात पडल्याशिवाय चित्र घराबाहेर काढू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि दुकान बंद करून आधी हे लिहायला बसलो. तुमचा भाचा बीएफए (चित्रकलेची पदवी) झालाय, गोणपाटावर हळद आणि कोळसा वापरून मोठी कामं करतोय, आणि एक संस्था म्हणतेय की सगळी चित्रं वर्षभर आमच्या हॉलमध्ये राहू देत, आम्ही त्याला पुढे आणतो. कागद काही नाही, सगळं तोंडी. द्यावीत का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, अशी अजिबात देऊ नका.

आधीच सांगतो, मी चित्रकार नाही आणि वकील तर नाहीच. मिरजेत फ्रेमिंगचं दुकान आहे, पोरं पट्टी निवडायला येतात आणि मग त्यांच्या भानगडीत मीपण ओढला जातो. त्यामुळं खाली कायद्याचं जे लिहिलंय ते एकदा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या एका कार्यालयानं (नाव घेत नाही, मंडळी अजून तिथंच आहेत) नवोदित चित्रकारांचं प्रदर्शन भरवलं. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, सगळं झालं, पेपरात फोटोपण आला, त्यात साहेब आणि पाहुणे झकास दिसतात, चित्रं त्यांच्या पाठीमागं. संपल्यावर पोरं चित्रं न्यायला गेली तर म्हणाले राहू देत, कायमच्या दालनाचा प्रस्ताव वर पाठवलाय. बरं वाटलं सगळ्यांना, का नाही वाटणार. नंतर एका पोरीला मुंबईला काम पाठवायचं होतं म्हणून मागायला गेलो तर अर्ज द्या. अर्ज दिला, आवक नंबर मिळाला, चित्र काही मिळालं नाही. ज्यांच्या सहीनं चित्रं आत आली त्यांची बदली झालेली आणि चार्ज कुणाकडे ते ठरायचं होतं म्हणे. चित्रं आम्हाला दिसत होती हो! तळमजल्यावर, रेकॉर्डच्या खोलीत, भिंतीला टेकवून ठेवलेली. पण हात लावायचा नाही.

त्याच ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. सांगलीकरांना पुढचं सांगायला नको. कागदावरच्या कामांचा लगदा झाला, कॅनव्हासवर चिखल आणि मग बुरशी, आणि त्या पोरीच्या कोळशाच्या सिरीजचे नुसते काळपट डाग राहिले. पुराला कुणी बोल लावत नाही. पण नुकसानीच्या यादीत खुर्च्या आल्या, कपाटं आली, प्रिंटर आला, चित्रं नाहीत. विचारलं तर उत्तर काय, तर आमच्या रजिस्टरला चित्रांची नोंदच नाही, ती इथं होती याला पुरावा काय? उद्घाटनाचा फोटो दाखवला तर म्हणे परत नेली नाहीत कशावरून. त्या पोरीनं नंतर बराच काळ ब्रशला हात लावला नाही, आता ती पुण्यात ॲनिमेशनच्या कंपनीत आहे. चांगलं चाललंय तिचं, पण आमच्या भागात तसं काम करणारी दुसरी कोण मला दिसलेली नाही.

म्हणून पोच. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, प्रत्येक कामाचं नाव, साइज, माध्यम, साल, किंमत, परत द्यायची तारीख आणि नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, सोबत फोटो. 'आम्ही काय पळून जाणार आहोत का' असं म्हणणारा माणूस दिसला की तिथूनच परत फिरा.

आणि 'सर्व हक्क संस्थेकडे' असली ओळ कुठं घुसवलीय का बघा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क सोडायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात. नुसतं चित्र विकलं म्हणजे ते कॅलेंडरवर छापायचा हक्क गेला असं होत नाही. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचं मात्र उलट आहे, तिथं वेगळा करार नसला तर कॉपीराइट सांगणाऱ्याचा होतो. अजून एक, चित्र लावलंच नाही किंवा कोपऱ्यात लावलं म्हणून कायद्यानं तक्रार चालत नाही, कलम ५७ मध्ये तसं स्पष्टच लिहिलंय. म्हणजे वर्षभर गोडाऊनला ठेवलं तरी तुम्ही गप्प. काय दाखवणार, कुठं, कधी, हे पत्रातच घ्या.

तुमच्या भाच्याच्या बाबतीत तर वेगळंच दुखणं आहे. हळदीचा रंग उजेडानं उडतो. खिडकीसमोर वर्षभर टांगलं तर पिवळं काही उरणार नाही, आणि चुन्याची ओली भिंत असली तर जिथं टेकेल तिथं लाल पडेल. हे त्या संस्थेला माहीत असेल असं मला वाटत नाही. मार्केट यार्डात कुणालाही विचारा, दळलेली हळद उन्हात ठेवत नाहीत. त्यानं हे रंग उडणं मुद्दाम धरलं असेल तर गोष्ट वेगळी, आजकालचे आर्टिस्ट तसंही करतात, पण मग ते त्याच्या नोटमध्ये यायला पाहिजे.

पुढे आणायचंच तर बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन आहे, १८८८ पासूनची संस्था. राज्य कला प्रदर्शन आहे, ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन आहे. अशा वेगळ्या माध्यमाला दिल्लीच्या फाउंडेशन फॉर इंडियन कंटेम्पररी आर्टचा इमर्जिंग आर्टिस्ट पुरस्कार जास्त जवळचा वाटतो मला. वयाची अट, फी, साइज दरवर्षी त्यांच्याच साइटवर बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी पत्रकं नकोत. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायला वर्षं जातात, अर्ज टाकून विसरून जायचं. आणि ते फी भरा, ट्रॉफी घ्या वाले 'आंतरराष्ट्रीय' ऑनलाइन पुरस्कार! माझ्याकडे त्यांची सर्टिफिकेटं फ्रेम करायला येतात, चार पैसे मलाच मिळतात, तरी सांगतो, नको.

त्याला एकदा सातारा जिल्ह्यातल्या औंधचं संग्रहालय बघायला घेऊन जा. तिथले राजे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, १९३८ मध्ये त्यांनी ते उभं केलं, चित्रकार धुरंधरांची कामं आहेत, हेन्री मूरचं छोटं शिल्प आहे. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे आहे, आणि इथली मंडळी 'आपल्याकडे कोण बघतंय' म्हणत बसतात.

पोचेसोबत जोडायचे चित्रांचे फोटो ढगाळ दिवशी सकाळी उघड्यावर काढा, फ्लॅश नको, काच बसवायच्या आधी. गोणपाट गुंडाळायचं झालं तर रंगाची बाजू बाहेर, जाड पाइपवर, आणि पावसाळ्यात नुसत्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवू नका. संस्थेनं पत्र द्यायचं कबूल केलं तर नावं खोडून मसुदा इथं टाका, बघून सांगतो.