प्रश्न तुमचे : घरातला 'गॅलेक्सियन' खरा की डुप्लिकेट?

प्रश्न : ताई, नमस्कार. १९९६ साली मी पाचवीत होतो, तेव्हा वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून टीव्ही गेम आणला. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं होतं. त्यातला 'गॅलेक्सियन', म्हणजे खालच्या विमानाने वरच्या किड्यांवर गोळ्या झाडायचा गेम, मी आणि माझी बहीण रोज खेळायचो. परवा मुलाने मूळ यंत्रावरच्या गॅलेक्सियनचा व्हिडिओ दाखवला. पडदा उभा, किडे वेगळे दिसतात, आवाजही वेगळा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही खेळायचात तो डुप्लिकेट." मनाला लागलं. आम्ही खरंच नकली गेम खेळत होतो का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नाही हो. तुमच्याकडचा डबा नकली होता, कॅसेटही बहुधा परवानगीशिवाय भरलेली होती, पण आतला गॅलेक्सियन अस्सल. तो जपानच्या नाम्को कंपनीनेच बनवलेला. हे मुलाला जरूर सांगा, आणि पुढचंही सांगा, कारण पुढची गोष्ट जास्त छान आहे.

गॅलेक्सियन जपानमध्ये १९७९ साली आला, तो नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर. कल्पना काझुनोरी सावानो यांची. आदल्या वर्षी टायटो कंपनीच्या 'स्पेस इन्व्हेडर्स'ने जपानला वेड लावलं होतं. त्याचा पडदा कृष्णधवल, रंग दिसावा म्हणून काचेवर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावलेल्या. गॅलेक्सियनमध्ये प्रत्येक किड्याला स्वतःचे रंग मिळाले आणि किडे रांग सोडून अंगावर झेप घेऊ लागले. तुम्ही आणि तुमच्या बहिणीने ज्या झेपेला घाबरून रिमोट घट्ट धरला असेल, ती झेप म्हणजेच हा गेम.

मग तो घरात कसा आला? निन्टेन्डो या दुसऱ्या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हा घरगुती गेमचा डबा काढला. सप्टेंबर १९८४ मध्ये नाम्कोने त्यावर आपला पहिला गेम दिला, तो गॅलेक्सियन. आपल्याकडे नव्वदच्या दशकात 'लिटल मास्टर'सारखे जे टीव्ही गेम मिळायचे, त्यांच्यात याच फॅमिकॉमवर चालणाऱ्या कॅसेट चालायच्या. म्हणजे तुम्ही इचलकरंजीत खेळत होतात तो नाम्कोचा १९८४ चा प्रोग्राम. कॅसेटी भरणारे लोक बऱ्याचदा सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नाव तेवढं पुसायचे.

मुलाला जो फरक दिसला, तोही खरा आहे. मूळ यंत्रात टीव्हीची नळी आडवी न बसवता उभी बसवलेली असते. चित्र २२४ ठिपके रुंद आणि २५६ ठिपके उंच. घरचा टीव्ही आडवा, आणि फॅमिकॉमचं चित्र २५६ बाय २४०. उंचीतले सोळा ठिपके गेले! किडा सुटल्यापासून तुमच्या विमानापर्यंत पोचेस्तोवर जी मोकळी जागा असते, ती थोडी आखडली. उभ्या पडद्यावर खेळ ऐसपैस वाटतो तो त्यामुळे.

दुसरी अडचण याहून मोठी होती. फॅमिकॉम हलती चित्रं दाखवतो ती आठ ठिपके रुंदीच्या तुकड्यांनी, आणि पडद्याच्या कुठल्याही एका आडव्या रेषेवर असे आठच तुकडे दिसू शकतात. नववा गायब. एक किडा रंगवायला शेजारी-शेजारी दोन तुकडे धरले, तर एका रांगेत फक्त चार किडे झाले. आणि मूळ खेळात तर खालच्या तीन रांगांत दहा-दहा किडे, त्यांच्यावर आठ जांभळे, सहा लाल, आणि सगळ्यात वर दोन म्होरके, एकूण ४६. हे कसं बसवायचं?

उत्तर मूळ यंत्रातच होतं. त्यातही एका वेळी आठच हलती चित्रं होती. म्हणून रांगेतली फौज मागच्या पार्श्वभूमीवर रंगवलेली असते, भिंतीवर फरश्या बसवाव्यात तशी, आणि ती पार्श्वभूमीच डावी-उजवीकडे सरकवतात. किडा झेप घेतो त्या क्षणी त्याची फरशी पुसली जाते आणि बरोब्बर त्याच जागी हलतं चित्र उमटतं. डोळ्याला सांधा कळत नाही. मुलाला व्हिडिओ अगदी हळू करून दाखवा आणि एकाच किड्यावर नजर ठेवायला सांगा. मी पहिल्यांदा हे समजून पाहिलं, तेव्हा तासभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

आता मला सर्वात आवडणारी गोष्ट. फॅमिकॉमच्या गॅलेक्सियनचा प्रोग्राम ८ किलोबाइटचा आहे आणि चित्रं ८ किलोबाइटची. बस्स. तुमच्या फोनवर सकाळी येणारा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा याहून कितीतरी मोठा असतो. त्याच डब्यावरचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४० किलोबाइटचा. अनेक गेम एका कॅसेटमध्ये कोंबणाऱ्यांना असे बारके गेमच हवे असायचे. तुमच्या कॅसेटमध्ये नव्व्याण्णव लाख गेम कधीच नव्हते. मोजके गेम नावं आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा यादीत येत. पण त्या मोजक्यांत गॅलेक्सियन हमखास असे, तो त्याच्या आकारामुळे. ज्यांनी तो १६ किलोबाइटमध्ये बसवला, त्यांच्या काटकसरीमुळे तो तुमच्या घरापर्यंत पोचला.

आमच्या कराडच्या दुकानात वडील दुरुस्त झालेला टीव्ही गेम तपासायला हाच लावायचे. निळा, जांभळा, लाल, पिवळा असे रंग एकाच पडद्यावर दिसतात. डावं, उजवं आणि गोळीचं बटण एका मिनिटात तपासून होतं. मी शाळेतून आले की "बघ गं, उजवं चालतंय का" म्हणून रिमोट माझ्या हातात यायचा. गिऱ्हाईक येईपर्यंत मी उजवं तपासत राहायचे.

मुलाबरोबर बसून एक गोष्ट करून बघा. गॅलेक्सियनमध्ये तुमची एक गोळी हवेत असेपर्यंत दुसरी सुटत नाही. नेम चुकला, तर गोळी वर पडद्याबाहेर जाईपर्यंत तुम्ही निःशस्त्र. म्हणून लांबून धडाधड गोळ्या मारू नका. किडा जवळ येऊ द्या, म्हणजे गोळी लवकर लागते आणि पुढची लगेच हाताशी येते. आणि वरचा म्होरक्या दोन लाल किडे घेऊन सुटला, की आधी ते दोन लाल टिपा, मग म्होरक्या. मूळ यंत्रावर या क्रमाने त्याचे ८०० गुण मिळतात. तो रांगेत बसलेला असताना मारला तर फक्त ६०.

प्रश्न : माझ्या आठवणीतल्या गॅलेक्सियनमध्ये वरचा मोठा किडा किरण सोडून आपलं विमान पळवून नेतो आणि ते सोडवलं की दोन विमानं जोडून मिळतात. मैत्रीण म्हणते, असं काही नव्हतंच. कोण बरोबर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोघीही. तुम्हाला आठवतो तो 'गॅलागा', नाम्कोचाच, १९८१ चा. फॅमिकॉमवर तो १९८५ मध्ये आला. पकडलेलं विमान घेऊन म्होरक्या खाली झेपावतो, तेव्हा त्यालाच टिपायचं, की आपलं विमान परत मिळतं. चुकून गोळी विमानालाच लागली, तर ते गेलं. जोडविमानाने मारा दुप्पट होतो, पण आपली रुंदीही दुप्पट होते, म्हणून गर्दीत जपून. मैत्रिणीला विचारा, मध्येच किडे नुसतेच नक्षी काढत उडून जातात, गोळी झाडत नाहीत, असा टप्पा तिला आठवतो का. आठवला, तर तीही गॅलागा खेळलेली आहे.

प्रश्न : माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. ॲडॉप्टर नाही. एलईडी टीव्हीला जोडता येईल का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : येईल, पण ॲडॉप्टरची घाई नको. हाताला लागेल तो खुपसून जळलेले सेट मी दुकानात खूप पाहिलेत. डब्याच्या पिनेजवळ किंवा तळाशी व्होल्टेज लिहिलेलं असतं, आणि मधला टोक धन की ऋण याची छोटी खूण असते. मूळ फॅमिकॉमला १० व्होल्ट लागतात आणि मधला टोक ऋण असतो. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये तो धन असतो. खूण पुसली असेल, तर डबा मेकॅनिककडे उघडून घ्या.

मागे पिवळं-पांढरं सॉकेट असेल, तर तेच वापरा. फक्त अँटेनाची वायर निघत असेल, तर टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनेल शोधावं लागेल. काही नवे टीव्ही हा जुना सिग्नल ओळखतच नाहीत. तेव्हा दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा, डबा बिघडला असं लगेच धरू नका. टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो लावा, नाहीतर बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते. टीव्हीवर नेम धरायची खेळातली बंदूक मात्र चालणार नाही, ती जुन्या काचेच्या नळीसाठीच बनलेली आहे.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ती मारली, पण तोंडातली वाफ तांब्याच्या पट्ट्या गंजवते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पट्ट्या एकाच दिशेने पुसा. काडी काळी होईल, नवी घ्या. पांढरी निघेपर्यंत पुसत राहा, मग कॅसेट पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतरच बटण दाबा.