अठरावा डबा

प्रिय विद्यार्थी मित्रा,

शाळेच्या उद्योजकता स्पर्धेसाठी तुमच्या गटानं मेणाच्या रंगीत पणत्या निवडल्या, ते बरं केलंत. दिवाळीच्या तोंडावर हा माल खपतो. पण नक्षी ठरवायच्या आधी हिशेबाची वही उघडा.

शंभर पणत्या धरू. भाव नमुन्याचे आहेत. खरे भाव कुंभारवाड्यात आणि बोहरी आळीच्या बाजारात स्वतः विचारून या. कोरी पणती 3 रुपये, एकूण 300. प्रत्येकीत 20 ग्रॅम मेण, म्हणजे 2 किलो, 180च्या भावानं 360. वाती 100, रंग 150, चार-चार पणत्यांचे 25 डबे 12 रुपयांनी 300, स्टॉलचं भाडं 200. झाले 1410. इथे बहुतेक मुलं सरळ शंभरनं भागून मोकळी होतात. पाच फुटणार, तीन जाळून बघायच्या. विकायला उरल्या 92, म्हणजे 23 डबे. डबा 80 रुपयांना लावलात तर अठरावा डबा जाईपर्यंत तोटाच. सगळे गेले तर नफा 430, आणि त्यात तुमची मजुरी धरलेली नाही. परीक्षक हेच खोदून विचारतात. 'आमचा माल पर्यावरणपूरक आहे' हे त्याचं उत्तर नव्हे; हे मेण म्हणजे पॅराफिन, ते तसंही खनिज तेलातून येतं.

तेलाच्या पणत्या आजी भिजत घालते, तसं इथे करू नका. ओल राहिली तर मेण धरत नाही, वात तडतडते. दोन दिवस कडक उन्हात वाळवा. रंग फक्त बाहेरून, काठाच्या खाली. मेणाचं भांडं थेट गॅसवर नको, पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मोठं माणूस शेजारी हवंच. पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. मेण थंड होताना आकसतं, वातीभोवती खळगा पडतो. म्हणून थोडं मेण राखून दुसऱ्यांदा ओता. वात बारीक असली की वितळलेल्या मेणात बुडून विझते, जाड असली की काजळी धरते. तीन पणत्या शेवटपर्यंत जाळून घड्याळ लावा आणि ती वेळ डब्यावर लिहा.

स्टॉलवर वीसच्या दहा नोटा सुट्ट्या ठेवा, कारण लोक शंभरची नोट काढतात. क्यूआर कोड पालकांचा असेल तर प्रत्येक विक्री वहीत लगेच टिपा, नाहीतर घरचे व्यवहार त्यात मिसळतात. भाव उतरवायचाच तर अठरावा डबा गेल्यावर.