पाच कर्जांचं एक कर्ज करावं का?

प्रश्न: नाशिकला कारखान्यात नोकरी करतो. पतसंस्थेचा हप्ता कापून हातात ५२,००० रुपये येतात, घरखर्च ३०,०००. क्रेडिट कार्डाची थकबाकी ९०,००० (महिना साडेतीन टक्के, किमान ४,५०० भरतो), पर्सनल लोन २,४०,००० (१५ टक्के, हप्ता ९,६५०), मोबाइलचे १८,००० (बिनव्याजी, ३,०००चे सहा हप्ते), सोनेतारण १,२०,००० (साडेनऊ टक्के, सात महिन्यांनी एकरकमी फेड) आणि पगारदार पतसंस्थेचे ६०,००० (११ टक्के). ७०,०००ची मुदत ठेव आणि ३,०००ची एसआयपी आहे. एक बँक साडेतेरा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ५,३०,००० देते, हप्ता १२,२००. घेऊ का? मित्र म्हणतो, लहान कर्जं आधी संपव.

उत्तर: हे कर्ज घेऊ नका. हप्ता हलका दिसतो तो मुदत लांबल्यामुळे. पाच वर्षांत व्याजापोटी सुमारे दोन लाख जातील. शिवाय साडेनऊ टक्क्यांचं सोनेतारण, ११ टक्क्यांची पतसंस्था आणि चक्क बिनव्याजी मोबाइल, हे सगळं तुम्ही आपणहून साडेतेरा टक्क्यांवर नेऊन ठेवाल.

त्यातही पैसे पुरणार नाहीत. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी कापून खात्यात ५,१७,५०० पडतील. जुनं पर्सनल लोन मुदतीआधी बंद करायला चार टक्के आकार धरला, तर जीएसटीसह ११,३०० लागतील. (१ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत कर्जांवर हा आकार माफ आहे, पण ही माफी व्यक्तींनी घेतलेल्या, बदलत्या व्याजदराच्या कर्जांना आहे, पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचं असतं. मंजुरीपत्रात पाहा.) पाच कर्जांची बेरीज ५,२८,०००. त्यात हा आकार आणि सोन्यावरचं आजवरचं व्याज धरून साधारण २६,५०० कमी पडतात. अशी तूट बहुतेक वेळा कार्डावरच राहते, आणि कार्ड रिकामं झाल्यासारखं वाटून पुन्हा घासलं जातं.

मित्राचं गणितही इथे लागू पडत नाही. सगळ्यांत लहान कर्ज मोबाइलचं. त्यावर व्याजच नाही, मग लवकर फेडून काय वाचणार? फक्त हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे ठेवा.

तुमचं दुखणं एकच आहे, कार्ड. ९०,००० वर महिन्याचं व्याज ३,१५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५६७. म्हणजे भरलेल्या ४,५०० पैकी मुद्दलात जातात ७८३ रुपये. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवसही मिळत नाहीत. किराणा कार्डावर घेतला तर त्याच दिवसापासून व्याज.

म्हणून ठेवीतले ५०,००० मोडा. वर्षाला सात टक्के धरले तरी त्यावर महिन्याला २९० रुपये सुटतात. तेवढीच थकबाकी कार्डावर २,०६५ खाते. मुदतीआधी मोडल्याचा अर्धा-एक टक्का दंड सोसायला हरकत नाही. उरलेले २०,००० मात्र दवाखान्यासारख्या गरजेसाठी ठेवाच, नाहीतर पहिल्याच अडचणीला पुन्हा कार्ड बाहेर निघेल. एसआयपी थांबवा, वर्षाला ४२ टक्क्यांचं देणं डोक्यावर असताना ती चालू ठेवण्यात अर्थ नाही.

घरखर्च आणि बाकीचे हप्ते जाऊन आता दरमहा कार्डासाठी ९,३५० सुटतात. उरलेले ४०,००० पाचव्या महिन्यात संपतील, व्याजाचे एकूण सुमारे ४,९५० जातील. त्याआधी कार्डाच्या बँकेला विचारा, ही थकबाकी सहा हप्त्यांत बदलून देता का. १६ टक्क्यांच्या आसपास दर मिळाला तर जीएसटीसह खर्च २,२०० वर येतो. फी फार नसेल तर घ्या. कार्डाला जोडलेले रिचार्ज, ओटीटी वगैरे आपोआप जाणारे पैसे आधी बंद करा.

सातव्या महिन्याची सोन्याची तारीख आजच लिहून ठेवा. मोबाइल सुटलेला असल्याने तोवर जवळपास २३,५०० जमतील. वर्षाचं व्याज ११,४००, ते भरल्याशिवाय नूतनीकरण होत नाही. उरलेले १२,००० मुद्दलात घाला आणि पुढे दरमहा १२,३५० भरत राहा, नऊ-दहा महिन्यांत दागिने घरी येतील. तारीख चुकली तर नोटीस आणि मग लिलाव, तेव्हा त्यात चालढकल नको.

पतसंस्थेला हात लावू नका. हप्ता पगारातून जातो, आणि तिथे थकलं तर जामीनदार सहकाऱ्याच्या पगाराला कात्री लागते. पर्सनल लोन सोन्यानंतर.

वसुलीवाल्याने “एवढ्या कमी रकमेत मिटवून टाकू” म्हटलं तर नको म्हणा. सिबिल अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते आणि पुढचं गृहकर्ज अडतं. कार्डाची पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या बिलात दोन-तीनशे रुपये दिसतील. बिल निघाल्यापासून भरण्याच्या दिवसापर्यंतचं ते व्याज. चूक समजून सोडू नका, नाहीतर विलंब शुल्क लागतं. तेही भरून शून्याचं बिल हातात आलं, की बँकेकडून थकबाकी नसल्याचं पत्र मागून घ्या.