गडचिरोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयातून ब्रिटिश विद्यापीठासोबत संयुक्त संशोधन निधीसाठी अर्ज करता येतो का?

आपण अनुदानित कला महाविद्यालयात मराठी शिकवता, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर आपल्यासोबत संशोधन करण्याची इच्छा एका ब्रिटिश प्राध्यापकांनी कळवली आहे आणि असा अर्ज आपल्या महाविद्यालयातून आजवर कोणी केलेला नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. अर्ज करता येतो. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या ठिकाणी शिकवतो आणि एका संयुक्त प्रकल्पात भारतीय बाजूचा सहसंशोधक होतो. त्या अनुभवावरून सांगतो की, विषयाची मांडणी, संदर्भ, उद्दिष्टे या गोष्टींकडे वळण्यापूर्वी पैसा कोणत्या वाटेने येणार आहे, हे त्या प्राध्यापकांना विचारून घ्यावे. पुढची सगळी कागदपत्रे त्या एका उत्तरावर ठरतात.

पहिली वाट दोन देशांच्या संस्थांनी मिळून काढलेल्या संयुक्त आवाहनाची. तिथे प्रत्येक संस्था आपापल्या देशातील संशोधकांना पैसा देते. आपल्याकडे १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, अशी आवाहने काढत आली आहे. ब्रिटनच्या आर्थिक व सामाजिक संशोधन परिषदेसोबत (ईएसआरसी) आणि जपानच्या विज्ञान प्रोत्साहन संस्थेसोबत (जेएसपीएस) तिने असे कार्यक्रम राबवले आहेत. या वाटेने आलेला पैसा भारत सरकारचा असतो, रुपयांत येतो, आणि परकीय निधीच्या कायद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही बाजूंनी आपापल्या परिषदेकडे अर्ज करायचा असतो आणि एका बाजूचा अर्ज राहिला तर दुसऱ्या बाजूचाही बाद होतो, म्हणून दोन्हीकडच्या अंतिम तारखा व वेळा एकाच कागदावर लिहून ठेवाव्यात. आपले महाविद्यालय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, कायद्यातील २ (एफ) (महाविद्यालय म्हणून मान्यता) आणि १२ (बी) (केंद्रीय अनुदानाची पात्रता) या कलमांखाली मान्यताप्राप्त आहे का, ते आधी पाहावे, कारण आयसीएसएसआरच्या पात्रतेची सुरुवातच तिथून होते. पैसा आल्यावर पीएफएमएस (सरकारी निधीच्या हिशेबाची ऑनलाइन प्रणाली) आणि सरकारी वित्तीय नियमांतील, म्हणजे जीएफआरमधील, १२-ए नमुन्याचे विनियोग प्रमाणपत्र या दोन गोष्टींशी आपल्या लेखापालांची गाठ पडेल. महाविद्यालयाने पूर्वी एखादे सरकारी अनुदान खर्चले असेल तर त्यांना यात नवीन काही नाही.

दुसरी वाट अशी, की ब्रिटिश प्राध्यापक त्यांच्या देशातील कला व मानव्यविद्या संशोधन परिषदेकडे (एएचआरसी) अर्ज करतात आणि त्यात आपले नाव परदेशी सहप्रमुख म्हणून असते. आपल्या वाट्याचा पैसा त्यांच्या विद्यापीठाकडून येतो, म्हणजेच तो परकीय योगदान ठरतो. ही वाट बहुतेक ग्रामीण महाविद्यालयांना ठाऊक नसते, आणि अडचण येते ती नेमकी इथे. २०१० च्या परकीय योगदान विनियमन कायद्यानुसार, म्हणजे एफसीआरएनुसार, असा पैसा घेण्यासाठी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेची केंद्रीय गृह मंत्रालयाकडे नोंदणी हवी, नाहीतर त्या विशिष्ट देणगीदाराकडून त्या विशिष्ट रकमेसाठी पूर्वपरवानगी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘विद्यापीठ पैसे घेईल आणि आम्हाला पाठवेल’ ही योजना आपल्याला कोणी ना कोणी सुचवेलच. ती चालत नाही. आपल्या कामाचे बिल सल्लागार म्हणून लावावे, असेही सुचवले जाईल. संशोधन अनुदानाला बिलाचा वेष देण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही. त्यापेक्षा खर्चाची जबाबदारी प्रस्तावातच परवानगी असलेल्या संस्थेकडे द्यावी आणि आपण त्या संस्थेशी संलग्न संशोधक म्हणून काम करावे, हे कितीतरी बरे. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या आणि ज्यांचे लेखापरीक्षण कॅगने करणे सक्तीचे आहे अशा संस्थांना या कायद्यातून सूट आहे. जवळपासचे कोणते विद्यापीठ त्यात बसते, ते त्यांच्या कुलसचिव कार्यालयाकडून लेखी घ्यावे, तोंडी नको.

पूर्वपरवानगीसाठी अर्ज महाविद्यालयाला करता येत नाही, तो संस्थेला करावा लागतो. आपल्याकडच्या शिक्षणसंस्थांमध्ये दोन गटांचा वाद आणि धर्मादाय आयुक्तांकडे पडून राहिलेला चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची नोंद) ही काही नवलाची गोष्ट नाही. पदाधिकारी नक्की कोण, हेच कागदावर ठरलेले नसेल तर पुढे काही हलत नाही. तेव्हा संस्थेच्या सचिवांना भेटून याची चौकशी प्रस्ताव लिहायला घेण्याआधी करावी. परदेशी प्राध्यापकांना यातले काही माहीत नसते आणि ते माहीत असावे अशी अपेक्षाही करू नये. पण पहिल्याच पत्रात त्यांना हे स्पष्ट कळवले तर ते आपल्याला अधिक गांभीर्याने घेतात, असे मी पाहिले आहे.

आता विषयाकडे येतो. एएचआरसीसारखी कला आणि मानव्यविद्या दोन्हींना एकत्र सांभाळणारी एकच परिषद भारतात नाही. आयसीएसएसआर सामाजिक शास्त्रांची, १९७२ साली स्थापन झालेली आयसीएचआर इतिहासाची. त्यामुळे पहिल्या वाटेने जायचे असेल तर झाडीपट्टीच्या नाटकाला सामाजिक शास्त्राचा प्रश्न विचारावा लागतो, आणि सुदैवाने या रंगभूमीत तो आयताच आहे. धान निघाल्यावर मंडईचे, म्हणजे गावच्या जत्रेचे, दिवस येतात, गावोगावी रात्रभर नाटके होतात, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालये गजबजतात आणि तिकिटावर चालणारा एक मोठा व्यवसाय सरकारी अनुदानाशिवाय उभा राहतो. पिकाचा पैसा आणि नाटकाचा पैसा यांचे नाते काय, दुष्काळी वर्षात कोणाचे मानधन आधी कापले जाते, स्त्री कलावंतांचे करार कसे होतात, हे संशोधनाचे प्रश्न आहेत. ‘लुप्त होत चाललेल्या लोककलेचे जतन’ असे शीर्षक मात्र देऊ नये. ही रंगभूमी लुप्त होत नाही आणि २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यानंतर ते वाक्य आणखीच विसंगत वाटते. शिवाय परीक्षक जतनाला नव्हे, प्रश्नाला गुण देतात.

जतन हाच आपला हेतू असेल तर त्यासाठी वेगळे कार्यक्रम आहेत. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्राम’ २००४ पासून जुन्या कागदपत्रांच्या डिजिटल प्रती करण्यासाठी अनुदान देतो आणि मूळ कागद देशाबाहेर जाऊ देत नाही. महानुभाव मठांतल्या पोथ्यांसारख्या साहित्यासाठी तो योग्य वाटतो. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातील निहालीसारख्या भाषेवर काम करणाऱ्यांनी संकटग्रस्त भाषांच्या दस्तऐवजीकरणाचा ईएलडीपी कार्यक्रम पाहावा. हा पैसाही परकीयच असतो, हे विसरू नये.

अंदाजपत्रकात आपली भूमिका तपासून घ्यावी. मुलाखती आपण घ्यायच्या, अनुवाद आपण करायचा आणि प्रस्तावात आपले नाव ‘स्थानिक साहाय्य’ या सदरात, असे असेल तर सही करू नये. लेखांवर कोणाची नावे कोणत्या क्रमाने येतील, ध्वनिचित्रमुद्रणे कुठे राहतील आणि कलावंतांना त्यांची प्रत मिळेल का, हे अर्जापूर्वीच लिहून घ्यावे. नाटकांची संमती केवळ कंपनीच्या मालकाकडून घेऊन भागत नाही. लेखक, नट आणि वादक यांची वेगवेगळी घ्यावी लागते आणि ती अर्थातच मराठीत असावी. वेळापत्रकही आपणच आखावे, कारण हंगाम दिवाळीनंतरचा आहे आणि परदेशी पाहुण्यांना सवड असते उन्हाळ्यात, जेव्हा रंगमंच उतरलेले असतात. त्यांना क्षेत्रकार्यासाठी यायचे असेल तर पर्यटक व्हिसा चालत नाही, संशोधन व्हिसा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

१२ (बी) च्या पत्राची प्रत महाविद्यालयात सापडत नसेल, आणि जुन्या महाविद्यालयांत ती बहुधा सापडत नाही, तर यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त महाविद्यालयांची राज्यनिहाय यादी आहे. त्यात आपले नाव आजच पाहून घ्यावे.