पुण्याचं भाडं परवडत नाही, दोन लहान मुलांसह साताऱ्याला आजी-आजोबांजवळ कधी आणि कसं जावं?

वार्षिक परीक्षा संपल्यावर, मे महिन्यात जा. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होण्याआधी घर लागलेलं असतं. आधी भाडेकरार नोंदवून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणी सक्तीची आहे, ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे’ हे चालत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या मोफत, २५ टक्के जागांसाठी अर्ज करायचा असेल तर नोटरीवाला करार पत्त्याचा पुरावा म्हणून घेतला जात नाही, तिथेच बरेच अर्ज अडकतात.

मोठ्याचा शाळा सोडल्याचा दाखला पुणे सोडण्यापूर्वीच मागून घ्या, नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. चूक असेल तर जुनीच शाळा दुरुस्त करू शकते. दाखला उशिरा मिळाला तरी जिल्हा परिषद, नगरपालिका वा अनुदानित शाळा आठवीपर्यंत प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं सांगतं. धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड ट्रकमध्ये नको, हातातल्या पिशवीत ठेवा. गॅस सिलिंडरही ट्रकमध्ये टाकू नका: सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या वितरकाकडे जमा करून अनामत परत घ्या, मिळालेल्या व्हाउचरवर साताऱ्यात जोडणी होते. रेशन कार्ड मात्र घाईने बदलायची गरज नाही, धान्य कुठल्याही दुकानात अंगठ्यावर मिळतं.

एक अट: दोघांपैकी एकाची नोकरी पुण्यातच राहणार असेल, तर रोजचे एका बाजूचे सुमारे ११० किलोमीटर आणि टोल आधी मांडा. वाचलेलं भाडं बहुधा त्यातच जातं.