कॅथेड्रल, ॲबी, प्रायरी: विल्टशरच्या वास्तू मराठीत कशा लिहाव्यात?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीच्या जुन्या वास्तूंवर मराठीत लिहिताना सॉल्सबरी कॅथेड्रल, माम्सबरी ॲबी, एडिंग्टन प्रायरी या सगळ्यांना सरसकट 'चर्च' म्हटलं तर चालेल का? आणि लेकॉक ॲबीत तर चर्चच नाही, मग तिला काय म्हणायचं?

सरसकट 'चर्च' म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे कोणाचं आसन होतं, कोण राहत होतं, कारभार कोणाच्या हाती होता, हे सगळं या नावांत साठलेलं आहे. एकच शब्द वापरला की वाचकाच्या हाती फक्त जुनी दगडी इमारत उरते.

कॅथेड्रलपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच होतो. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं, म्हणजे धर्मप्रांताच्या प्रमुख धर्मगुरूचं आसन, ते कॅथेड्रल. मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. शंकराचार्यांचं पीठ आपण म्हणतोच. जुन्या गोव्यातल्या 'से कॅथेड्रल'मधला 'से' हा पोर्तुगीज शब्दही आसन याच अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आहे. आसन हललं की कॅथेड्रलही हलतं, आणि याचं सॉल्सबरीइतकं ठसठशीत उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मूळ कॅथेड्रल होतं जवळच्या ओल्ड सेरम टेकडीवर, 1092 साली अर्पण केलेलं. पण त्याच टेकडीवर किल्ला आणि त्यातली शिबंदी, जागा अपुरी, पाण्याची टंचाई, वर वाऱ्याचा मारा. शेवटी बिशप रिचर्ड पुअर यांनी खाली नदीकाठच्या कुरणात नवं बांधकाम काढलं. 1220 मध्ये पायाभरणी झाली आणि 1258 मध्ये मुख्य वास्तू अर्पण झाली. वरच्या कॅथेड्रलचे दगड खालच्या कामाला लागले. टेकडीवर आज फक्त जोत्याची आखणी दिसते. आपल्याकडे 1998 साली वसईचा धर्मप्रांत मुंबईपासून वेगळा झाला आणि पापडीचं चर्च कॅथेड्रल ठरलं, तेही याच नियमाने.

म्हणूनच कॅथेड्रलसाठी 'महामंदिर' हा शब्द मला पटत नाही. 'महा' म्हटलं की डोळ्यांसमोर आकार येतो. सॉल्सबरीचा मनोरा 123 मीटर उंच, ब्रिटनमधला सर्वांत उंच, त्यामुळे तिथे तो शब्द खपूनही जाईल. पण त्याच काउंटीतल्या माम्सबरी ॲबीचा मनोरा सॉल्सबरीहूनही उंच होता असं सांगतात. तो 1500 च्या सुमारास कोसळला. बिशपचं आसन नसल्यामुळे एवढी उंची गाठूनही ती ॲबीच राहिली. मी कॅथेड्रल हाच शब्द ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे 'बिशपपीठाचं चर्च' एवढा खुलासा करीन.

ॲबीला मात्र 'मठ' हा आपला शब्द चपखल बसतो. ॲबट म्हणजे मठाधिपती. मठ म्हटलं की राहण्याच्या खोल्या, भोजनशाळा, शेतजमिनी, शिस्त हे सगळं आपोआप येतं, आणि ॲबीत तेच असायचं. विशेषनाम बदलायचं नाही; 'माम्सबरी ॲबी' तसंच लिहायचं, पण सामान्यनाम म्हणून 'हा मठ' म्हणायचं. फक्त काळाचं भान हवं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठ मोडीत काढले त्यात 1539 साली माम्सबरीही गेलं. विल्यम स्टंप नावाच्या धनाढ्य कापडवाल्याने ते विकत घेऊन आवारात माग बसवले आणि चर्चचा सभामंडप गावाला दिला. तेव्हापासून तो उरलेला सभामंडप म्हणजेच गावचं चर्च आहे. म्हणून 'माम्सबरीच्या मठात आज प्रार्थना होते' हे वाक्य चुकीचं ठरतं. 'पूर्वीच्या मठाच्या चर्चमध्ये' असं हवं.

लेकॉकचं उलटं झालं. ईला या सॉल्सबरीच्या काउंटेसने 1232 मध्ये तिथे ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा मठ स्थापला. तोही 1539 मध्ये मोडला. विल्यम शॅरिंग्टनने तो विकत घेतला, चर्च पाडलं आणि ओवऱ्या व खोल्या राखून स्वतःचं घर केलं. पुढे याच घरात हेन्री फॉक्स टॅल्बटने 1835 मध्ये एका खिडकीचं छायाचित्र घेतलं. आज उपलब्ध असलेलं जगातलं सर्वांत जुनं निगेटिव्ह ते. तेव्हा लेकॉक ॲबीला 'मठाचा वाडा झालेली वास्तू' म्हणावं. चर्च म्हणणं साफ चूक.

ओवऱ्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. चौकाभोवतीच्या, छपराखालच्या या फरसबंद वाटांना इंग्रजीत क्लॉइस्टर म्हणतात आणि देवळांमुळे आपल्याला तो नेमका शब्द मिळालेला आहे. एक सावधगिरी: ओवऱ्या दिसल्या म्हणजे मठ, असं नाही. सॉल्सबरीला ओवऱ्या आहेत, पण तिथे मठवासी कधीच नव्हते. कॅनन म्हणवणारे धर्मगुरू कारभार पाहत. त्यांच्या सभेची जागा म्हणजे चॅप्टर हाउस, जिथे 1215 च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेची, एक मूळ प्रत ठेवलेली आहे. मठांमध्ये रोज नियमावलीतला एक अध्याय वाचून सभा सुरू होई, म्हणून ते नाव. मराठीत 'सभाघर' पुरेसं आहे.

प्रायरीसाठी 'उपमठ' सुचवला जातो. बऱ्याच प्रायऱ्या मोठ्या मठाच्या अंकित असत हे खरं, पण एडिंग्टनला ते लागू नाही. तिथल्या प्रमुखाला तर प्रायर नव्हे, रेक्टर म्हणत. तिथेही 'मठ'च लिहावं.

या साऱ्यात आपलं एक नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच विल्टशरचे, बुशटन गावचे. हे मठ मोडल्यानंतर साधारण दहा वर्षांनी ते जन्मले, 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1616 मध्ये त्यांचा ग्रंथ छापून निघाला.

राहता राहिलं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं चौदाव्या शतकातलं 'टाइथ बार्न'. टाइथ म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा. त्याला मराठी बायबलमध्ये 'दशमांश' हा शब्द रुळलेला आहे, त्यामुळे 'दशमांशाचं कोठार' सहज सुचतं. पण सुमारे 51 मीटर लांबीचं हे कोठार शाफ्ट्सबरीच्या धर्मभगिनींच्या मठाचं होतं आणि त्यात त्यांच्या स्वतःच्या जमिनींचं पीकही येत असे. मी 'मठाचं कोठार' लिहीन.