आमदारकी सोड

पोरी,

जिल्हाभर तुला आता ताईसाहेब म्हणतात, पण मी पोरीच म्हणणार. आमदार असताना तू खासदार झालीस, त्याचं अभिनंदन फोनवर करून झालंय. त्या फोनवर तू जे विचारलंस, त्याने मात्र माझी झोप उडवली. "काका, राजीनामा किती दिवस लांबवता येतो?" आणि लगेच दुसरा: "विधानसभेचं तिकीट भावजींना मिळालं तर तालुका आपल्याच हातात राहील ना?"

पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे. खासदार म्हणून तुझं नाव राजपत्रात छापून आल्यापासून 14 दिवस. 1950 चा नियम आहे तो. तेवढ्यात विधानसभेच्या अध्यक्षांकडे राजीनामा पोचला नाही, तर रिकामी होते ती लोकसभेची जागा. म्हणजे आमदारकीला चिकटून बसणाऱ्याची खासदारकी जाते. घटना लिहिणाऱ्यांना आपली माणसं चांगली ठाऊक होती! पोटनिवडणुकीची काळजी करू नकोस. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर ती घेणं बंधनकारक नसतं, आणि आपल्याकडे 2004 पासून उन्हाळ्यात लोकसभा झाली की पावसाळा सरल्यावर विधानसभा येतेच.

दुसऱ्याचं उत्तर माझ्याकडे आहे. आमदारकी सोड. राजीनामा तर देशीलच, मी मनातल्या आमदारकीबद्दल बोलतोय. सकाळी सातला विजेचा डीपी जळाल्याचा फोन येतो आणि तू शाखा अभियंत्याला झापतेस, ती आमदारकी. तलाठ्याची बदली, ठाणेदाराची बदली, ग्रामसभेतली भांडणं, ती आमदारकी. पुढचा आमदार कोण व्हावा याची तुझ्या घरात चाललेली खलबतं, तीही आमदारकीच.

तू म्हणशील, तालुक्याने मला मोठं केलं. केलं ना. पण राज्यात 288 आमदार आणि 48 खासदार. भागून बघ. तुझ्या मतदारसंघात सहा तालुक्यांएवढी माणसं आहेत, आणि त्यातल्या पाच विधानसभांमधल्या लोकांनी तुला त्यांची आमदार म्हणून कधीच पाहिलेलं नाही. तू घरच्या तालुक्यात रमलीस की त्या पाचांना पहिल्या वर्षातच कळतं. निधीचंही तेच. आमदाराला वर्षाला 5 कोटी, खासदारालाही 5 कोटी, आणि मुलूख सहापट. त्या पैशातून गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक बसवत फिरलीस, तर तू सहा आमदारांतली सर्वांत गरीब सातवी आमदार होशील. चिडतो मी हे लिहिताना, कारण हुशार पोरं नेमकी इथेच वाया गेलेली पाहिली आहेत.

आता सत्कार सुरू होतील. प्रत्येक वक्ता यशवंतरावांचं 1962 सांगेल, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला वगैरे. हसून ऐक आणि विसर. ते मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री व्हायला गेले होते. तू मागच्या बाकावर बसायला चालली आहेस. तुझ्यासाठी दाखला हवा तर मधू दंडवते घे. तेही आधी इथल्या विधान परिषदेत होते. 1971 मध्ये राजापूरमधून लोकसभेत गेले आणि 1989 पर्यंत एकही निवडणूक हरले नाहीत. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी बसवली. ती गादी काही एकट्या राजापूरच्या प्रवाशांसाठी नव्हती. कोकण रेल्वेचा आग्रह मात्र त्यांनी कधी सोडला नाही. 1990 मध्ये ते अर्थमंत्री असताना महामंडळ स्थापन झालं, आणि 1991 मध्ये कोकणानेच त्यांना पाडलं. पूर्ण मार्गावर गाडी धावली 1998 मध्ये. भावजींना हे वाचून दाखव. ते म्हणतील, बघा, पडलेच ना शेवटी! म्हणू दे.

दिल्लीला न जाण्यात कमीपणा नसतो, हेही ऐकून ठेव. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा आमदार झाले, आणि त्यांचं काही अडलं नाही. तुला ते जमलं असतं, मी तेव्हा सांगितलंही होतं. पण तू अर्ज भरलास, निवडून आलीस. आता एक पाय इथे आणि एक तिथे चालणार नाही. मृणाल गोऱ्यांकडे बघ. आधी गोरेगावात पाण्यासाठी हंडे घेऊन रस्त्यावर, मग आमदार. 1977 मध्ये लोकसभेत गेल्या. पुढे 1985 मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या, तेव्हा गर्भलिंग चाचणीच्या प्रश्नात हात घातला. 1988 मध्ये राज्याचा कायदा झाला, देशातला पहिला, आणि केंद्राला तो करायला 1994 उजाडलं. बाई जिथे बसल्या तिथल्या कामाच्या झाल्या. परत यायचं असेल तर अशी ये, पण आधी जा तरी!

तिथे काम काय, असं तुझ्या आवाजात होतं. विधानसभेत तू लक्षवेधी लावून मंत्र्याला घाम फोडायचीस, ते तिथे विसर. तुझ्यासारखे 543 आहेत. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे, दिवसाला 20 लागतात, तेही सोडतीने, आणि सभागृहात प्रत्यक्षात पाच-सहांची उत्तरं झाली तरी खूप. अतारांकित 230. त्यांना सगळे हसतात, तू हसू नकोस. लेखी उत्तरात मंत्रालयाला आकडा द्यावा लागतो, आणि एकदा दिलेला आकडा पुढच्या अधिवेशनात त्याच्यासमोर धरता येतो. मी खासदार असताना पाच वर्षं तेच केलं.

आणि संसदेची स्थायी समिती, खात्यांचं काम तपासणारी. 31 सदस्य, 21 लोकसभेचे आणि 10 राज्यसभेचे, बंद दार, कॅमेरा नाही. म्हणूनच कुणाला तिचं अप्रूप नाही. एक बैठक सांगतो. अनुदानाच्या मागण्या चालल्या होत्या, समोर सचिव आणि त्यांच्यामागे अधिकाऱ्यांची रांग, मांडीवर फायली. आपल्याच राज्यातला एक सहकारी माझ्या शेजारी. त्याचा फोन टेबलावर थरथरला की हा बाहेर. गावच्या सोसायटीची निवडणूक होती म्हणे, पॅनेलमध्ये कुणाला घ्यायचं ते तो दिल्लीच्या व्हरांड्यातून ठरवत होता. तिसऱ्यांदा आत आला तेव्हा त्याच्या जिल्ह्याच्या योजनेची पानं उलटून झाली होती. त्यातला निम्मा निधी खर्चच झाला नव्हता आणि विचारणारा कुणी नव्हता. मला म्हणाला, काही विशेष? मी म्हटलं, नाही. मला राग आला होता, अजून आहे.

डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती एका अधिसूचनेने. कुठल्याही आमदाराला कुणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. निर्यात, रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, उसाचा एफआरपी म्हणजे किमान भाव, हे सगळं दिल्लीत ठरतं. तुझ्या सहाही तालुक्यांतल्या शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. आणि तू डीपीवर भांडत राहणार? जिल्ह्यात बसायचंच असेल तर 'दिशा' समितीची बैठक घे. तिची अध्यक्ष खासदारच असते, केंद्राच्या योजनांचा हिशेब तिथे मागता येतो. बहुतेक जण फोटोपुरती घेतात. तू तिमाहीला घे आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त समोर ठेवून घे.

लोक तुला सांगतील की मी हेच करत बसलो म्हणून पडलो. दहाव्याला दिसत नव्हते, लग्नाला येत नव्हते, दिल्लीचं वारं लागलं. खरंय, कमी दिसायचो. पडलो तो त्या वर्षीच्या लाटेत, आणि लाट नसती तरी कदाचित पडलो असतो. पण आपल्याकडचं ते रेल्वे फाटक बंद करून खाली भुयारी मार्ग केला होता, पावसाळ्यात कमरेएवढं पाणी, शाळेची पोरं रुळांवरून जायची. त्याचा निचरा माझ्या लेखी प्रश्नांनी मंजूर करून घेतला. फीत माझ्यानंतरच्याने कापली. मी कार्यक्रमाला गेलो नाही असं पसरवलं गेलं, ते खोटं आहे. गेलो होतो, मागच्या रांगेत होतो. पुन्हा संधी मिळाली तरी तेच करीन, आणि दहाव्याला तेवढाच जाईन.

तेव्हा भावजींचं. त्यांनी उभं राहायचं तर राहावं, लोकशाही आहे. पण तिकीट त्यांनी मागावं, तू त्यांच्यासाठी मागू नकोस. दुसऱ्या कुणाला मिळालं तर त्याच्या प्रचाराला जा, आणि तो निवडून आल्यावर त्याच्या कामात बोट घालू नकोस. लोक तुझ्या ओट्यावर येतील, म्हणतील नव्या आमदारापेक्षा ताईच बऱ्या. गोड वाटेल ते. त्यांना चहा पाज आणि त्याच्याकडे पाठव. दर वेळी पाठव. नाहीतर तालुक्यात दोन आमदार होतील आणि खासदार एकही नाही.

राजीनामा या आठवड्यात दे, चौदाव्या दिवसाची वाट बघू नकोस. समितीसाठी पसंती विचारतील तेव्हा कृषी लिही, गृह लिहू नकोस, सगळे तेच लिहितात. सभागृहात मराठीत बोलता येतं, भाषांतराची सोय आहे. पहिलं भाषण मराठीतच कर.

सासऱ्यांशी तू बोलू नकोस, मी बोलतो. ते माझं ऐकतील असं काही नाही, पण चिडतील ते माझ्यावर चिडतील. रविवारी येतोय. भावजींनाही घरी थांबायला सांग.

तुझा,
काका